माना खाली, डोळे बंद

आमच्या शाळेत मत घेण्याची एक पद्धत होती. पद्धत म्हणणं जरा जास्तच होईल. कागद, वेळ आणि उत्साह तिन्ही अपुरे असलेल्या मास्तरांनी काढलेली ती पळवाट होती. मॉनिटर निवडायचा असो की सहल कुठे न्यायची ते ठरवायचं असो, मास्तर टेबलावर डस्टर आपटायचे आणि म्हणायचे, "माना खाली, डोळे बंद." पोरं बेंचवर हातांची घडी करून त्यात तोंड खुपसायची. मग एकेक नाव पुकारायचं. ज्याला ते नाव हवं, त्याने मान वर न करता नुसता हात वर करायचा. कोणी कोणाला मत दिलं ते कोणालाच दिसत नसे, एक मास्तर सोडून.

तो मास्तर मी होतो. ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. ज्यांच्या भीतीने गप्प होतो ते वारले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तरीसुद्धा गप्पच राहिलो. म्हणजे भीती त्यांची एकट्याची नव्हती, हे उघडच आहे.

नव्वदच्या दशकातले दिवस. अंबरनाथला मोरिवलीच्या कडेला, कारखान्यांच्या कुंपणाला खेटून आमची शाळा उभी होती. दुपारी वारा फिरला की कुठल्यातरी कंपनीतून नासक्या अंड्यांसारखा वास वर्गात शिरायचा. पोरं नाकाला हातही न लावता फळ्यावरचं उतरवून घेत. मी मात्र पलीकडच्या खिडकीशी जाऊन तोंड फिरवायचो. नवा होतो. राहायला बदलापूरला, कात्रपमध्ये एका खोलीत. नुकतं लग्न झालेलं, बायकोला दिवस गेलेले. सकाळी यायचं, तास घ्यायचे, संध्याकाळी निघायचं. शाळेच्या फाटकापलीकडे मोरिवलीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. कुठल्या पोराचं घर कुठे, घरात कोण, काही ठाऊक नव्हतं. हजेरीपटावर सगळ्यांचा पत्ता एकच असायचा: मोरिवली, अंबरनाथ. पुढचं विचारावं असं कधी वाटलं नाही. या न विचारण्याचा पुढे संबंध येतो, म्हणून सांगून ठेवतो.

माझी नोकरी कच्ची होती. दर जूनला नेमणूक मिळायची, एप्रिलअखेर संपायची. शिक्षण खात्याची मान्यता मिळाली की माणूस कायम. पण मान्यतेचा प्रस्ताव पाठवायचा तो संस्थेने, आणि संस्था म्हणजे अध्यक्ष.

अध्यक्ष मूळचे तिथलेच. शाळेची जमीन त्यांचीच, पूर्वी तिथे त्यांचा भात पिकायचा. कारखाने आल्यावर शेतं गेली. उरलेल्या जमिनीवर त्यांनी चाळी बांधल्या, कंपन्यांना मजूर पुरवायला सुरुवात केली, आणि एक शाळा काढली. माणूस बुटका, स्वच्छ पांढऱ्या कपड्यातला. आवाज कधी चढवत नसत. त्यांच्या जीपचा आवाज मात्र सगळी शाळा ओळखायची. जीप फाटकातून आत येण्याआधीच मुख्याध्यापक खुर्चीतून उठून उभे राहिलेले असत. मला पहिल्या वर्षी त्याचं हसू यायचं. दुसऱ्या वर्षी मीही उभा राहू लागलो.

त्या वर्षी नगरपालिकेची निवडणूक लागली आणि अध्यक्ष आमच्या वॉर्डातून उभे राहिले. निशाणी छत्री. समोर एका कंपनीतला कामगार उभा होता. चाळींतल्या नळांना पाणी येत नाही म्हणून त्याने बायकांचा हंडा मोर्चा नेला होता. त्याची निशाणी कपबशी. दिवसभर रिक्षांवरचे कर्णे शाळेभोवती घिरट्या घालायचे. त्यात आठवीच्या नागरिकशास्त्रात नेमका निवडणुकीचाच धडा आला.

मी तरुण होतो. धडा नुसता वाचून दाखवायचा नाही, अशा जिद्दीचा. मुख्याध्यापकांकडे मतपत्रिकांसाठी कोरे कागद मागितले. ते म्हणाले, "सर, संस्थेचे कागद पोरखेळासाठी नसतात. तोंडी घ्या." वह्यांचे कागद फाडून चिठ्ठ्या करता आल्या असत्या. पण पस्तीस मिनिटांचा तास. म्हटलं, आपली नेहमीची पद्धत काय वाईट आहे?

तास रंगला. गुप्त मतदान म्हणजे काय, ते मी घसा फोडून सांगितलं. पडद्याआड जाऊन शिक्का मारायचा, घडी घालायची, पेटीत टाकायची. कोणाला मत दिलं ते शेजाऱ्याला सांगायचं नाही, भावाला सांगायचं नाही.

"बायकोला पण नाय?" मागच्या बेंचवरून एकजण.

"आधी लग्न होऊ दे तुझं," मी म्हणालो. वर्ग खो खो हसला.

मग मी म्हणालो, चला, आपण मतदान घेऊ. उमेदवार कोण? पोरांनी मॉनिटरची नावं सुचवावीत अशी माझी अपेक्षा. पण बाहेरून नेमका कर्णा गेला आणि अर्धा वर्ग ओरडला, "छत्री! कपबशी!" मी हसलो. म्हटलं, होऊन जाऊ दे. खरीखुरी निवडणूक.

कोणीही जुना मास्तर तिथे थांबला असता. आठवीतल्या पोराचं स्वतःचं मत नसतं, घरचं असतं, हे त्याला कळलं असतं. मला कळलं नाही. मुलांना लोकशाही शिकवतोय या नशेत मी चाळीस घरांची दारं एकदम उघडून आत डोकावत होतो.

"माना खाली, डोळे बंद."

तेव्हा तिसऱ्या बेंचवरच्या एका मुलीने हात वर केला. तिचे वडील केंद्र सरकारच्या कारखान्यात फिटर होते, एवढं मला माहीत होतं, कारण फीमाफीच्या वेळी तिने अभिमानाने सांगितलं होतं, "माझे बाबा पर्मनंट आहेत." तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आणि प्रश्न विचारताना उभं राहण्याची सवय. ती उभी राहिली.

"सर, पण तुमचे डोळे तर उघडे असणार."

वर्ग परत हसला. मीही. "मी निवडणूक अधिकारी," मी म्हणालो. "अधिकाऱ्याचे डोळे उघडे असतात, तोंड बंद असतं."

"नक्की ना, सर?"

"नक्की."

ती बसली. शेजारी तिची मैत्रीण होती, अध्यक्षांची पुतणी. अध्यक्षांच्या घरातली असूनही साधी पोर. डबा त्या दोघींचा एकच असायचा; एकीची भाकरी, दुसरीची भाजी. दोघींनी माना खाली घातल्या. बेंच लहान, त्यामुळे एकमेकींवर रेलल्यासारख्या.

छत्रीला भराभर हात वर आले. कपबशी म्हणालो, तेव्हा जरा वेळ काहीच हललं नाही. मग एक हात आला, दबकत दुसरा, मग आणखी काही. फिटरच्या मुलीचा हात मात्र ताठ होता. पुस्तकात दाखवतात तसा.

मी मोजले आणि फळ्यावर लिहिलं. छत्री विजयी. आणि खाली, पूर्ण निकाल द्यायचा म्हणून, कपबशी: नऊ.

हे खाली लिहिणं ही माझी दुसरी चूक. तास संपला, फळा पुसायचा राहिला. मधल्या सुट्टीत सगळ्या शाळेने तो वाचला.

दोन दिवसांनी शाळा सुटायच्या वेळी जीप आली. शिपाई वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "सर, तुम्हांला हापिसात." माझ्या हातातला खडू तुटला, हे आठवतं. त्याने बोलावण्याचं कारण सांगितलं नव्हतं, तरी मला कळलं होतं.

ऑफिसात अध्यक्ष मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसले होते. मुख्याध्यापक उभे. मी आत गेल्यावर ते म्हणाले, "मी जरा स्टोअररूम बघून येतो," आणि गेले. दार त्यांनी बाहेरून ओढून घेतलं.

"बसा, मास्तर." चहा आला होता. "घ्या. घ्या वं. कपबशी हाय म्हनून घाबरू नका. चहाला चालतं आपल्याला."

मी हसलो. हसायलाच हवं होतं. बशी टेबलावरच ठेवली आणि नुसता कप उचलला.

"वर्गान निवडणूक घेतली म्हनं तुमी."

"धडा होता, साहेब. नागरिकशास्त्राचा."

"चांगला केला. पोरांना समजला पायजे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मी जिकलो म्हनं."

"हो साहेब. मोठ्या फरकाने."

"न् नऊ पोरं कपबशीची."

खिडकीबाहेर पोरं घरी निघाली होती. फाटकाशी त्या दोघी उभ्या होत्या, एकमेकींच्या दप्तराला लटकून कशावर तरी हसत.

"पोरांचा काय हाय, मास्तर," ते म्हणाले, "पोरां घरचाच बोलतान. घरान जेवताना जा कानावर पडतं, ताच हात वर करतान. आता मी काय त्यांना मारनार हाय? नाय. पन मना समजला पायजे ना, माझं मीठ खाऊन कोन कुनीकडं जातंय."

"साहेब, माझ्या काही लक्षात नाही. नुसते हात मोजले. तोंडं तर खाली होती सगळ्यांची."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता. शेतकरी बैलाचे दात बघतो तसे शांत बघत होते.

"तुमची मान्यता," ते म्हणाले. "कागद या महिन्यान पाठवायचा हाय ना? हेडमास्तर सांगत व्हते. घरान पन पाव्हना येनार हाय म्हनं."

बायकोचं मी शाळेत कोणालाही सांगितलं नव्हतं.

पुढचं लिहिताना आजही हात जड होतो. मला धमकी दिली गेली नाही, कोणी हात पिरगळला नाही. बाहेर जीपचा ड्रायव्हर झाडाखाली तंबाखू मळत होता, एवढंच. त्या खोलीत बसून मी हिशेब केला. नऊ नावं मला पाठ होती. त्यातल्या बहुतेकांचे बाप अध्यक्षांनीच पुरवलेले मजूर, एवढं फीमाफीच्या अर्जांवरून ठाऊक होतं. त्यांची नावं सांगितली तर उद्या कंपनीच्या फाटकात त्यांना उभं करणार नाहीत. काहीच सांगितलं नाही तर माझं जाईल. आणि त्या नवांत एक नाव असं होतं, की ज्याच्या बापाला कोणी हात लावू शकत नाही. सरकारी नोकर. पर्मनंट. त्याला अध्यक्ष काय करणार?

मला वाटलं, मी शहाणपणा करतोय. आठजणांना वाचवतोय. वाचवलं असेलही. पण मी मुळात वाचवत होतो एकालाच.

मी त्या मुलीचं नाव सांगितलं.

"अजून?"

"एवढंच आठवतं, साहेब. ती पुढे बसते म्हणून."

त्यांनी कप खाली ठेवला. पहिल्यांदाच जरा हसले. "ती? आमच्या पोरीची मैतरीन?" मग उठत म्हणाले, "असो. एक पुरे."

ते गेल्यावर मी उरलेला चहा प्यालो. का प्यालो माहीत नाही. थंडगार झाला होता.

पुढचे तीन-चार दिवस काहीच झालं नाही. ती मुलगी रोज येत होती, उभी राहून प्रश्न विचारत होती. मी मनात म्हणत होतो, बघ, बरोबर होतास तू. सरकारी माणसाला कोण काय करतो? मग ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, ती वडिलांबरोबर, शाळा सोडल्याचा दाखला मागायला.

मुख्याध्यापकांनी त्यांना स्टाफरूममध्ये माझ्याकडे पाठवलं. वर्गशिक्षक म्हणून माझी सही लागत होती. वडील कारखान्याच्या खाकी कपड्यातच होते, ड्यूटीवरून परस्पर आलेले.

"अचानक दाखला?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"खोली सोडतोय, सर. क्वार्टरचा नंबर अजून लागला नाही आमचा. इथेच अध्यक्षांच्या चाळीत होतो, शाळेच्या मागच्या."

शाळेच्या मागच्या. माझ्या वर्गाच्या खिडकीतून त्या चाळीची कौलं दिसायची. वर्षभर मी त्या कौलांकडे तोंड करून वास चुकवत उभा राहत होतो.

"कोणी... काही बोललं का?"

"बोलत नाही हो कोणी, तेच तर आहे." त्यांनी घाम पुसला. "दोन माणसं येतात. दारासमोर खुर्च्या टाकतात आणि बसतात. सकाळी मी निघताना असतात, आल्यावर असतात. बायको पाण्याला निघाली की एकजण उठून मागून चालतो. हात नाही लावत, शब्द नाही बोलत. मी विचारलं, काय काम आहे? तर म्हणे, 'काय नाय काका, हवा खातोय.' शेजारपाजारचे दारं लावून घेतात. कालपासून आमच्याशी कोणी बोलत नाही. पोरगी घरात कडी लावून बसते." जरा थांबून ते म्हणाले, "पोलिसात काय सांगू, सर? खुर्चीत बसलेत म्हणून?"

"मग आता कुठे?"

"उल्हासनगरला. कॅम्पात मेव्हणा राहतो. त्याच्याकडे काही दिवस." मग ते माझ्या टेबलावर वाकले, हळू बोलू लागले. "सर, एक विचारतो. पोरगी म्हणते वर्गात मतदान झालं, तिने कपबशीला हात केला. आमच्या घरात चर्चा असायची, खोटं कशाला बोलू, नळाच्या मोर्चाला बायको गेली होती. पण डोळे तर सगळ्यांचे मिटलेले होते म्हणते. मग कोणी बघितलं असेल?"

मी दाखल्यावर सही करत होतो. मान वर केली नाही.

"पोरं असतात हो," मी म्हणालो. "कोणीतरी डोळे किलकिले करून बघत असणार."

"शेजारी ती बसते ना, त्यांची पुतणी..."

"असेल," मी म्हणालो. "सांगता येत नाही."

असेल. हा एक शब्द. अध्यक्षांसमोर मी घाबरून बोललो होतो, ते एकवेळ समजू शकतो. इथे मला कोणी घाबरवत नव्हतं. समोर एक थकलेला, हरलेला माणूस होता, आणि त्याच्यासमोर मी दुसऱ्या एका पोरीला पुढे केलं.

तेव्हा ती मुलगी बोलली. इतका वेळ वडिलांच्या मागे उभी होती. "ती नाही बघत होती, बाबा. तिचं कपाळ माझ्या दंडावर होतं. हलली असती तर मला कळलं असतं."

आणि तिने माझ्याकडे बघितलं.

वडिलांना काही कळलं नाही. ते दाखल्याची घडी घालत होते. तिला कळलं होतं. मला वाटलं, आता ही बोलणार. उभी राहून प्रश्न विचारायची तिची सवयच होती. पण वडिलांनी "सरांच्या पाया पड" म्हटल्यावर तिने वाकून माझ्या पायांना हात लावला. बोटं गार होती.

"थँक्यू, सर," वडील म्हणाले. "तुम्ही चांगलं शिकवता. ती घरी येऊन सगळं सांगते."

मतदानाच्या दिवशी माझी ड्यूटी उल्हासनगरला लागली; तिथल्या नगरपालिकेचं मतदानही त्याच दिवशी होतं. कच्च्या-पक्क्या सगळ्याच मास्तरांना धरायचे तेव्हा. सकाळपासून मला एकच धास्ती: तो फिटर आता इथेच कुठेतरी राहतो, भेटला तर? रांगेत खाकी कपडे दिसले की मान आपोआप खाली जायची. माझं काम मतदाराच्या बोटाला शाई लावायचं. अनोळखी बोटं एकामागून एक हातात येत होती, आणि प्रत्येक गार बोटाला मी दचकत होतो.

दुपारी एक म्हातारी सिंधी बाई आली. डोक्यावर ओढणी, हातात काठी. शाई लावून घेतली, मतपत्रिका घेतली, पण पुठ्ठ्याच्या आडोशाकडे जाईना. माझ्याकडे वाकून म्हणाली, "पुट, बेटा, सच बता. किसी को पता तो नहीं चलेगा न?"

शेजारचा अधिकारी हसला. "अम्मा, गुप्त मतदान है, गुप्त! भगवान को भी पता नहीं चलेगा."

"तेरे से नहीं पूछा," म्हातारी त्याला म्हणाली. "इस मास्टर से पूछा. इसका मुँह सच्चा है."

"नहीं चलेगा, अम्मा," मी म्हणालो.

ती निर्धास्त होऊन आडोशात गेली. माझ्या हातातली शाईची कांडी टेबलावर पडली. डाग टेबलावर पसरला तो संध्याकाळपर्यंत तसाच होता.

अध्यक्ष निवडून आले, इतक्या मतांनी की नऊ घरं काय, नव्वद घरं उलटी गेली असती तरी काही बिघडलं नसतं. गुलालाने माखलेली जीप शाळेच्या पटांगणात आली. पोरांना पेढे वाटले. मला त्यांनी स्वतः हाताने पेढा दिला. "घ्या, मास्तर. तुमचा वर्ग आधीच बोलला व्हता." मी खाल्ला.

शाळेत मात्र आता वेगळंच सुरू झालं होतं. कोणीतरी बघितलं, हे वर्ग धरून चालला होता. आणि बघणारी कोण, हेही ठरून गेलं होतं. अध्यक्षांच्या पुतणीच्या बेंचवर एकदा सकाळी खडूने मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'खबरी'. तिने ते ओढणीने पुसलं आणि तिथेच बसली. तिच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. कोणी बसायला तयार नव्हतं. डबा ती एकटी खायची, भिंतीकडे वळून. तिच्या काकाच्या धाकाने तोंडावर कोणी काही बोलत नसे. पण ती जवळ आली की बोलणं थांबायचं. फिटरच्या दारासमोर खुर्च्या टाकून बसलेली माणसं काही बोलत नव्हती, तसंच हे.

मला तिची कीव यायला हवी होती. मला तिची भीती वाटायची. ती घरी काकाला विचारेल, "काका, तुम्हांला कोणी सांगितलं?" आणि ते सहज बोलून जातील, "तुझ्या मास्तराने." रोज सकाळी हजेरी घेताना मी तिचं नाव पुकारायचो आणि "हजर, सर" म्हणताना तिच्या आवाजात काही बदल झालाय का, ते कान देऊन ऐकायचो.

वार्षिक परीक्षेच्या आधी ती स्टाफरूमच्या दारात आली. आत मी एकटाच होतो.

"सर, तुमचे डोळे उघडे होते ना त्या दिवशी?"

मला वाटलं, संपलं.

"तुम्ही सगळ्यांना बघत होतात," ती म्हणाली. "म्हणजे मी बघितलं नाही, हे तुम्हांला माहीत आहे. तुम्ही वर्गात सांगा ना, सर. तुमचं ऐकतील."

तिच्या चेहऱ्यावर आरोप नव्हता. ती मदत मागायला आली होती. सगळ्या शाळेत तिच्या बाजूने साक्ष देऊ शकेल असा एकच माणूस होता, आणि ती बरोबर त्याच्याकडेच आली होती. एक वाक्य पुरलं असतं: 'हिची मान खाली होती, मी पाहिलं.' पण ते वाक्य बोललो की कोणीतरी विचारणार, मग सर, कोणी? आणि त्या वर्गात डोळे उघडे असलेला दुसरा कोणी नव्हता.

"जाऊ दे," मी म्हणालो. "परीक्षा जवळ आलीय. अभ्यासात लक्ष घाल. विसरतील सगळे."

"ती मला पत्र पण लिहीत नाही, सर."

"लिहील," मी म्हणालो.

ती जरा वेळ दारात उभी राहिली, मग गेली.

जूनमध्ये मी कायम झालो. ज्या पगारावर माझं घर पुढे चाललं, मुलगा शिकला, त्या पगाराची सुरुवात ही. त्याच महिन्यात मला नववीचा वर्ग मिळाला, म्हणजे तीच मुलं. पहिल्याच आठवड्यात मॉनिटर निवडायचा होता. दोन नावं आली. माझं लक्ष दुसरीकडेच होतं, डस्टर आपटला आणि सवयीने तोंडातून गेलं, "माना खाली, डोळे बंद."

बोललो आणि तिथेच थिजलो. मग एक बेंच सरकला. अध्यक्षांची पुतणी उठली होती. कोणाकडे न बघता ती दारातून बाहेर व्हरांड्यात गेली आणि भिंतीला नाक लागेल इतकी जवळ, पाठमोरी उभी राहिली. हात मागे बांधलेले. पुन्हा कोणी म्हणायला नको, की हिने बघितलं.

बाकीच्यांनी हळूहळू माना खाली घातल्या. मी पहिलं नाव पुकारलं. एकही हात वर आला नाही. दुसरं नाव पुकारलं. नाही. ज्यांची नावं पुकारली त्या दोघांनीही स्वतःला हात केला नाही. चाळीस डोकी बेंचवर टेकलेली, आणि त्या सगळ्या मिटलेल्या डोळ्यांआडून मला कोणीतरी बघतंय असं वाटत राहिलं. किती वेळ तसाच उभा होतो, सांगता येणार नाही. मग मी त्यातला एक पोरगा बोटाने दाखवला. "तू. तूच मॉनिटर. माना वर करा."

मी दाराशी गेलो. ती तशीच उभी होती, भिंतीच्या पोपडे निघालेल्या चुन्याकडे तोंड करून. आताही बोलता आलं असतं. तिला एकटीला तरी.

"आत ये," मी म्हणालो.

ती वळली नाही. "सगळ्यांचं मत देऊन झालं का, सर?" तिने भिंतीकडे बघतच विचारलं.

"झालं," मी म्हणालो.